शिकाऊ हात आणि रुग्णाची सुरक्षितता

आचरा (ता. मालवण) : दाढदुखीने झोप उडाली की मालवण किनाऱ्यावरचा माणूस आधी जवळचा दवाखाना गाठतो. तिथे निभावले नाही, तर अनेकजण बांबोळीची वाट धरतात. तेथील वैद्यकीय महाविद्यालय इकडच्या घरांना परके नाही. गोवा दंत महाविद्यालयही बांबोळीलाच आहे.

अशा शिक्षण रुग्णालयांत खुर्चीजवळ उभा असलेला ‘डॉक्टर’ बऱ्याचदा विद्यार्थी असतो. बीडीएसच्या तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी रुग्ण हाताळू लागतात. देखरेखीला शिक्षक असतात. तरीही बरेच काही विद्यार्थ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहते.

एक साधे उदाहरण पाहा. प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक असतो. वरच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ १६, डावीकडची २६. समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला मात्र रुग्णाची उजवी बाजू येते. गोंधळ एका अंकाचा. पण काढलेली दाढ काही पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी सूची आणली ती अशाच चुका टाळण्यासाठी. रुग्ण कोण, जागा कोणती, हे मोठ्याने विचारून खात्री करायची. दात काढतानाही हीच पद्धत उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांची वृत्ती मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ब्रिटनमधील संशोधकांनी २००९ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी २६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. चुका अटळ असतात का, कामाच्या तासांचा त्यांच्याशी संबंध आहे का, त्या उघड करण्याची जबाबदारी कोणाची, असे विषय तीत आहेत. ‘चूक झाल्यास सांगेन’ यावर खूण करणे सोपे. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने दात काढण्याचा, भरण्याचा कोटा पुरा करायचा असतो, वहीवर सही मिळवायची असते. ज्यांच्यापुढे चूक कबूल करायची, गुणही त्यांच्याच हाती! अशा वेळी गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याला एकट्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

आचऱ्यासारख्या दूरच्या गावातील रुग्णांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दात काढल्यानंतर खळग्यातील रक्ताची गुठळी निसटली, तर दोन-चार दिवसांत हाड उघडे पडून असह्य कळा येतात. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. तोवर रुग्ण गावी परतलेला असतो. एवढ्यासाठी पुन्हा गोव्याला कोण जाणार? तो प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खासगी डॉक्टरकडे जातो. तिकडे महाविद्यालयातील नोंदीत सारे आलबेल राहते आणि आपल्या हातून काय घडले, हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही.

त्यामुळे दात काढून घेऊन निघताना केसपेपर सोबत ठेवावा, विभागाचा दूरध्वनी क्रमांक त्यावर लिहून घ्यावा. त्रास झाल्यास उपचार कुठेही घ्या, पण त्या विभागाला एक फोन जरूर करा.