पणजीला कलेने काय दिले?

कांपालच्या रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाच्या नजरेत कला अकादमीची इमारत चटकन भरत नाही. ती झाडांच्या वर डोके काढत नाही की दर्शनी भागावर खांबांची रांग मिरवत नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात आखलेली आणि १९८३ च्या सुमारास पूर्ण झालेली ही वास्तू रस्त्याला नदीशी जोडणारी सावलीची वाट म्हणून कल्पिलेली आहे. रस्त्यावरून आत शिरावे, पडवीसारख्या उघड्या जागेतून चालत जावे आणि मांडवीच्या काठावर बाहेर पडावे, अशी तिची मूळ रचना. नाटकाचे तिकीट न काढलेल्या माणसालाही तिथे घटकाभर बसता यावे, हा त्यामागचा विचार होता. मुलीला नृत्याच्या वर्गात सोडून पायऱ्यांवर थांबलेला बाप, नाट्यस्पर्धेसाठी दूरच्या गावाहून सामानसुमान घेऊन आलेली हौशी मंडळी, परीक्षा संपल्यावर नदीकडे पाहत बसलेली महाविद्यालयीन मुले, अशा कितीतरी माणसांचा कलेशी संबंध या वाटेवर आला.

नगररचनेच्या चर्चेत कलेचा विषय बहुधा शेवटी निघतो. आधी रस्ते, गटारे, वीज, वाहनतळ. पैसे उरलेच तर एखादा पुतळा किंवा भिंतचित्र. पणजीचा अनुभव या क्रमाविषयी शंका घ्यायला लावणारा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्रात जेमतेम ४० हजार लोकवस्ती असलेल्या या शहराला देशभरात जी ओळख लाभली, ती मोठ्या कारखान्यांमुळे लाभलेली नाही. घरांचे रंग, नदीकाठ, रंगमंच आणि महोत्सव यांनी ती घडवली. मात्र ही ओळख जपायला पैसा आणि श्रम लागतात. ते कोण पुरवतो आणि तिचा लाभ कोणाला होतो, या दोन प्रश्नांची उत्तरे पणजीत फारशी जुळत नाहीत.

पणजीचे आजचे रूप मुळातच आखलेले आहे. जुन्या गोव्याला साथीच्या रोगांनी ग्रासल्यावर सत्तेचे केंद्र हळूहळू पणजीकडे सरकले. १८२७ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु याने दलदलीच्या जागा भरून घेतल्या आणि सरळ रस्ते आखून सरकारी इमारती उभारल्या. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. मळा आणि फोंताइन्हासची वस्ती मात्र या सरळ आखणीत बसणारी नाही. आल्तिनोच्या उताराला बिलगून, झऱ्याच्या आसऱ्याने वाढलेली ही वस्ती अरुंद, वळणांची आणि माणसाच्या पावलांच्या मापाची राहिली. घरांच्या खिडक्या आणि सज्जे थेट रस्त्यावर उघडतात. त्यामुळे रस्त्यावर काय चालले आहे, हे घरातल्या माणसाला दिसते आणि घरात कोणी आहे, हे रस्त्यावरच्या माणसाला कळते. रखवालदार आणि कॅमेरे नसतानाही एखादी वस्ती सुरक्षित वाटते, त्यामागे बहुतेक वेळा अशी साधी रचना असते.

या घरांचे रंग आज छायाचित्रांतून जगभर पोहोचले आहेत. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे, असे परंपरेने सांगितले जाते. दंडकाच्या जोडीला त्यात बांधकामाचे शहाणपणही होते. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो आणि गोव्याच्या पावसात तो पाणी पितो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग ही ओल हळूहळू बाहेर पडू देतो. त्या चुन्यात नीळ, पिवळी माती किंवा काव मिसळली की फोंताइन्हासचे ते निळे, पिवळे आणि तांबूस रंग तयार होतात. हाच रंग आजच्या चकचकीत प्लास्टिक पेंटने दिला तर पहिली दोन वर्षे भिंत अधिक उजळ दिसते. नंतर आत कोंडलेली ओल गिलाव्याला फुगे आणते आणि पोपडे सुटू लागतात. म्हणजे ज्याला पर्यटक सौंदर्य म्हणतो, ते घरमालकाच्या दृष्टीने दर वर्षीच्या डागडुजीचे काम आहे. चुना भिजत घालणारा, गिलाव्याचा हात असलेला गवंडी आणि शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी दुरुस्त करू शकणारा सुतार यांच्यावाचून ते होत नाही. असे कारागीर आता शोधावे लागतात.

काही दशकांपूर्वी जुन्या घराकडे मालक स्वतःच ओझे म्हणून पाहत होते. वारसदार अनेक, त्यांतले काही परदेशी, कौले गळकी आणि दारात इमारत बांधू पाहणारा विकसक. अशा काळात, २००० च्या आसपास, गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप ही संस्था उभी राहिली आणि तिच्या पुढाकाराने फोंताइन्हासमध्ये कला महोत्सव भरू लागला. त्याची कल्पना साधी होती. वेगळे कलादालन न उभारता रहिवाशांच्याच घरांत, त्यांच्या दिवाणखान्यांत आणि ओसऱ्यांवर चित्रे मांडायची. चित्र पाहायला आलेला माणूस आपसूकच छताची लाकडे, फरशी आणि जुने फर्निचर न्याहाळू लागला. आपल्या घरात पाहण्यासारखे काही आहे, ही गोष्ट कित्येक रहिवाशांना पाहुण्यांच्या नजरेतून उमगली असेल. शहराला कलेचा उपयोग होतो तो असा. घराची किंमत फक्त जागेच्या चौरस मीटरवर ठरत नाही, हे तिने मालकाला आणि महापालिकेला एकाच वेळी दाखवले.

पुढे हाच विचार मोठ्या प्रमाणावर आला. २००४ मध्ये भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि त्यासाठी बांबोळीला स्थलांतरित झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी वास्तू नव्या कामाला लागली. २०१६ पासून दर डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने ही जुनी वास्तू, आदिलशहाचा राजवाडा, नदीकाठ आणि मैदाने प्रदर्शनांसाठी व प्रयोगांसाठी वापरली. एरवी कुलूपबंद किंवा केवळ सरकारी कामापुरत्या असलेल्या इमारतींत सामान्य माणूस मोकळेपणाने हिंडू लागला. अशा दिवसांत मंडप घालणारे, सुतार, प्रकाशयोजनेचे तंत्रज्ञ, छापखाने, खानावळी, टॅक्सीचालक आणि भाषांतरकार या सगळ्यांच्या हाताला काम मिळते. एका आठवड्याच्या महोत्सवाने शहराचे अर्थकारण बदलते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण डिसेंबरच्या गर्दीला समुद्रकिनाऱ्याशिवाय दुसरे कारण मिळते, ही गोष्ट लहान नाही.

अडचण महोत्सव उठल्यानंतर सुरू होते. मांडण्या उतरतात, गाड्या निघून जातात आणि ज्या दालनांत आठवडाभर रांगा होत्या, त्यांतल्या अनेक दालनांचे दरवाजे पुन्हा मिटतात. पणजीतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी कुठे चित्र पाहता येईल, हा प्रश्न विचारून पाहिला की शहराच्या कलाजीवनाची खरी उंची कळते. याला सुखद अपवाद आहेत. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या आझुलेज फरशांवर जॉर्ज कोलासू यांनी १९३५ मध्ये रंगवलेली, कामोंइशच्या महाकाव्यातील दृश्ये आहेत. महोत्सव असो वा नसो, भिंतीवरची ही चित्रे जागेवरच असतात.

शहराच्या कायापालटाचा विषय निघाला की जगभरचे राज्यकर्ते स्पेनमधील बिल्बाओचे नाव घेतात. पोलाद आणि जहाजबांधणीचे उद्योग ढासळल्याने खचलेल्या या शहरात १९९७ मध्ये फ्रँक गेहरी यांनी रचलेले गुगेनहाइम संग्रहालय उघडले आणि पर्यटकांची रीघ लागली. ‘बिल्बाओ परिणाम’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. त्याचे अनुकरण करताना एक गोष्ट सहसा गाळली जाते. संग्रहालय उघडण्यापूर्वीच त्या शहराने घाण झालेली नदी स्वच्छ करण्याचे दीर्घकाळचे काम हाती घेतले होते, १९९५ मध्ये मेट्रो सुरू केली होती आणि बंदराची जागा नदीकाठावरून हलवून तो काठ नागरिकांसाठी मोकळा करायला घेतला होता. टायटॅनियमच्या पत्र्याची ती झळाळणारी वास्तू आधीच चाललेल्या मोठ्या कामाचा एक भाग होती. पणजीत पावसाचे दोन जोरदार सडाके आले की १८ जून मार्गावर पाणी साचते. सांतिनेजच्या खाडीची दुर्गंधी नागरिकांच्या परिचयाची आहे. रस्त्याखालचे गटार हीदेखील रचनाच असते, फक्त तिचे छायाचित्र कोणी काढत नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यानंतर शहरात जे खोदकाम झाले, त्यात छोट्या दुकानदारांनी धूळ आणि तुटलेली गिऱ्हाइके दीर्घकाळ सोसली. अशा वेळी कोपऱ्यावरच्या भिंतीवर रंगवलेले चित्र पाहून त्यांना समाधान वाटावे, ही अपेक्षा थोडी जास्तच म्हटली पाहिजे.

फोंताइन्हासच्या रहिवाशांची तक्रार वेगळी आहे. महोत्सवांनी, जाहिरातींनी आणि समाजमाध्यमांनी त्यांच्या गल्लीला जी प्रसिद्धी दिली, तिने त्यांचा उंबरठा सार्वजनिक करून टाकला. सकाळी दार उघडावे तो पायरीवर अनोळखी जोडपे छायाचित्रासाठी उभे, दुपारच्या झोपेच्या वेळी खिडकीखाली कॅमेऱ्यांचा ताफा, रात्री बाहेरगावच्या गाड्यांनी अडलेली वाट. काही घरांवर ‘पायऱ्यांवर बसू नये’, ‘छायाचित्रे काढू नयेत’ अशा पाट्या लागल्या आहेत. अनेक घरांची अतिथिगृहे आणि कॅफे झाले. त्यामुळे काही घरे पडण्यापासून वाचली, हे मान्य करावे लागेल. त्याबरोबर शेजारही विरळ झाला. खिडकीतून रस्त्याकडे पाहणारे माणूसच जर उरले नाही, तर या वस्तीची जी रचना सुरक्षित आणि जिवंत म्हणून वाखाणली जाते, तिला नुसत्या रंगीत पडद्याचे रूप येईल.

कला अकादमीची कथा या सगळ्याहून बोचरी आहे, कारण तिथे पर्यटकांना दोष देण्याची सोय नाही. गोव्यातील मराठी नाट्यस्पर्धा, तियात्र स्पर्धा, मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मृतीची भजनी स्पर्धा, सूरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाचा संगीत समारोह, या साऱ्यांशी या संस्थेचे नाव जोडलेले आहे. दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांच्या शैलीतील चितारलेले प्रेक्षक सज्जांत बसलेले दिसत. प्रयोग सुरू होण्याआधी त्यांच्याकडे पाहत बसणे हा लहान मुलांचा आवडता उद्योग असे. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी ही वास्तू बंद झाली आणि काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. रात्रीची वेळ असल्याने जीवितहानी टळली. त्याच वर्षाच्या अखेरीस अकादमी पुन्हा उघडली. परंतु ध्वनी, प्रकाश आणि रंगमंचाच्या व्यवस्थेविषयी कलाकारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत आणि ‘कला राखण मांड’ या नावाने ते एकत्र आले. देवळाच्या किंवा गावाच्या मांडाची राखण सगळा गाव करतो, हा अर्थ त्या नावात आहे.

असे प्रसंग फक्त गोव्यातच घडतात असे नाही. कोलंबियातील मेदेयीन शहराने हिंसाचाराने पोळलेल्या डोंगरउतारावरील वस्तीत २००७ मध्ये देखणे ‘स्पेन ग्रंथालय’ उभारले. गरिबाच्या वस्तीला शहरातली सर्वांत चांगली इमारत मिळावी, हा तिथला उदात्त विचार जगभर नावाजला गेला. काही वर्षांतच बाह्यभागाच्या बांधकामातील दोष उघड झाले आणि ज्यांच्यासाठी ते बांधले, त्यांनाच ते दीर्घकाळ बंद असलेले पाहावे लागले. उद्घाटनाच्या फलकासाठी पैसा मिळतो. छतावरच्या पाणी निघण्याच्या वाटा साफ करणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद दर वर्षी नव्याने मागावी लागते. वास्तुरचना कितीही थोर असली तरी ती या माणसावर अवलंबून असते.

पणजीपुढचे काम म्हणूनच फार मोठे नाही, पण किचकट आहे. जुन्या इमारतींचा वापर आठवड्यापुरता न राहता बारमाही व्हावा, शाळांच्या सहली तिथे वळाव्यात आणि स्थानिक हौशी संस्थांना परवडणाऱ्या भाड्यात तालमीची जागा मिळावी, यासाठी नव्या बांधकामाची गरज नाही. चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांच्या हाताखाली तरुण मुले शिकावीत, यासाठी एखादा छोटा अभ्यासक्रमही पुरेल. फोंताइन्हासमध्ये व्यावसायिक चित्रीकरणावर शुल्क आकारण्याच्या सूचना वेळोवेळी पुढे आल्या आहेत. शुल्क घ्यायचेच असेल तर ते महापालिकेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळून न टाकता त्याच गल्लीतील घरांच्या डागडुजीसाठी वेगळे ठेवता येईल. चवथ होते, पाऊस ओसरतो, भिंती वाळतात आणि परांच्या बांधायची वेळ येते. ज्या घरात आता एखादीच वृद्ध व्यक्ती राहते, तिथे चुन्याचे दोन हात द्यायला लागणारा पैसा निदान त्या घरासमोर वर्षभर काढल्या गेलेल्या चित्रफितींतून तरी यावा.