लग्नाचे फोटो काढता, पण गावाला ठाऊक आहे का?

आपल्या गटांतल्या बऱ्याच मुली-सुना आता कॅमेरा शिकल्यात. कुणी कर्ज काढून घेतला, कुणी भावाचा जुना वापरते. हात बसलाय, फोटो चांगले येतात. अडतं ते पुढं. काम मागायला कुणी दारात येत नाही. म्हणून आज जाहिरातीबद्दल बोलू. जाहिरात म्हटलं की आपल्याला चौकातला फ्लेक्स आठवतो. तो जरा बाजूला ठेवा.

आधी हे बघा, लग्नघर फोटोवाला ठरवतं कधी? सुपारी फुटली की तारीख निघते, कार्यालय किंवा मंडप ठरतो, आचारी ठरतो, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "फोटोचं काय?" पत्रिका छापून येईपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. म्हणजे पत्रिका हातात आल्यावर तुम्ही फोन केलात तर उशीर झाला. तुमचं नाव सुपारी ते बस्ता एवढ्या दिवसांतच त्या घरात पोचलं पाहिजे.

आता गावात लग्न ठरल्याचं सगळ्यात आधी कुणाला कळतं? ब्लाउज शिवणाऱ्या बाईला. पार्लरवालीला. मेंदी काढणाऱ्या मुलीला. बांगड्या भरणाऱ्या कासाराला, बस्त्याच्या दुकानदाराला, पत्रिका छापणाऱ्याला. यातल्या निम्म्या तर आपल्याच गटांत आहेत! त्यांच्याकडं नुसतं कार्ड ठेवू नका, कार्ड वहीत जातं आणि विसरतं. एक छोटा अल्बम ठेवा, दहा-बारा पानांचा. पार्लरमध्ये पाळीची वाट बघणारी बाई तो चाळणारच. त्या बदल्यात पार्लरवालीनं सजवलेल्या नवरीचे चार चांगले फोटो तिला काढून द्या, तिच्याही धंद्याला उपयोग होईल. काही जण कामामागं कमिशन मागतात. द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरेल ते आधीच आणि उघड ठरवा, आणि त्यासाठी लग्नघराचा दर वाढवू नका. खेड्यात असं काही लपत नाही.

सांगायचं काय? "एकदा सेवेची संधी द्या" हे सगळेच लिहितात. तुमच्याकडं असं काय आहे जे तालुक्याच्या स्टुडिओकडं नाही, ते सांगा. हळद लावताना, घाणा भरताना, बांगड्या भरताना, नवरी तयार होत असताना त्या खोलीत परका पुरुष कॅमेरा घेऊन उभा राहिला की बायका पदर सावरून गप्प होतात. तुम्ही गेलात तर त्या हसतात, ओव्या म्हणतात, एकमेकींच्या तोंडाला हळद फासतात. ते फोटो तुमचेच. कार्डावर सरळ लिहा: हळदीपासून पाठवणीपर्यंत महिला फोटोग्राफर. खाली फोटो किती मिळणार, अल्बम किती पानांचा, किती दिवसांत मिळणार, इसार किती, हे लिहा. दर लिहायचा नसेल तर निदान "इतक्यापासून पुढे" एवढं तरी असू द्या. दर विचारायला संकोचणारी घरं पुष्कळ असतात, ती फोनच करत नाहीत.

आणि कार्डावर नाव स्वतःचं घाला. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1913 साली जन्मलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत, कारण बाईला कुणी ओळखत नव्हतं. आपण ते पुन्हा कशाला करायचं?

आता जरा नाजूक गोष्ट. जाहिरातीत फोटो कुणाचे दाखवणार? तुम्ही काढले म्हणून ते तुमचे, असं आपण धरून चालतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं, कुणी मोबदला देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतले तर त्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे लग्नघरचे फोटो स्टेटसला टाकायचे तर परवानगी हवी. कायदा बाजूला ठेवला तरी, एखाद्या लेकीचा फोटो तिला न विचारता गावभर फिरला आणि कुणी त्यावर वेडंवाकडं लिहिलं, तर त्या घराचा मनस्ताप तुमच्या माथी येतो. पुढं त्या वाडीत तुम्हाला कोण बोलावणार? म्हणून पावतीवरच एक ओळ छापा: "आमचे फोटो जाहिरातीसाठी दाखवायला संमती आहे / नाही." सही नवरीची आणि नवऱ्याची दोघांची घ्या, नुसती वडिलांची नको. लहान मुलींचे, हळदीतल्या ओल्या साड्यांचे फोटो संमती असली तरी टाकू नका. आणि उद्या कुणी काढून टाक म्हटलं, तर कारण न विचारता काढा. सुरुवातीला दाखवायला फोटो नसतील तर बहिणीला, गटातल्या मैत्रिणीला नऊवारी नेसवून काढा. इंटरनेटवरचे दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून दाखवू नका. लग्नात तसा फोटो आला नाही की भांडण ठरलेलं.

मोबाईलवर व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट मिळतं. त्यात फोटोंची यादी कायम राहते, स्टेटससारखी एका दिवसात जात नाही. फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याची चमक जाते. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंदही फुकट होते. "तुमचं नाव वर आणतो, इतके पैसे भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. फ्लेक्स लावायचाच असेल तर ग्रामपंचायतीला विचारून लावा.

चौकशीचा फोन आला की तारीख विचारतो, तसं वयही विचारा. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण नसेल तर ते काम घ्यायचं नाही. 2006 च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 1098 हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा. काही बाया म्हणतील, गिऱ्हाईक तुटेल. तुटू द्या.

हे सगळं करायचं कधी? आषाढी ते कार्तिकी एकादशी लग्नं नसतात, तेव्हा. अल्बम बनवा, कार्डं छापा, पार्लर-शिंपिणींकडं फेरी मारा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, मग पाणी प्यायलाही वेळ मिळत नाही. पुढच्या वेळी अल्बमचा खर्च धरून दर कसा काढायचा, ते वही-पेन घेऊन बघू.