व्हिटनी : आधी खोपट्या, मग हवेली

लुइझियानात मिसिसिपीकाठच्या मळ्यांवर पर्यटक येतात ते ओकच्या रांगा आणि पांढऱ्या खांबांची घरे पाहायला. न्यू ऑर्लिन्सपासून तासाभरावर, वॉलेस गावाजवळचा व्हिटनी मळा मात्र मालकाचे घर शेवटी दाखवतो.

फेरी सुरू होते ती मुक्त झालेल्या गुलामांनी १८७० मध्ये बांधलेल्या आणि पुढे इथे आणून उभ्या केलेल्या चर्चमध्ये. आत वुड्रो नॅश यांनी घडवलेले मुलांचे पुतळे आहेत. गुलामी संपली तेव्हा लहान असलेल्या आणि १९३० च्या दशकात म्हातारपणी आपल्या आठवणी नोंदवणाऱ्या माणसांची ती बालरूपे.

अँब्रोज हायडेल या जर्मन स्थलांतरिताने १७५२ मध्ये, फ्रेंच अमलात, इथे जमीन घेतली. आधी नीळ पिकली, मग ऊस. मालकाचे घर १७९० च्या सुमाराचे. आगीच्या भीतीने स्वयंपाकघर वेगळे बांधलेले. शिवाय कबुतरखाने, कोठार, मुकादमाचे घर. सायप्रसच्या फळ्यांच्या खोपटीत दोन खोल्या, मध्ये एकच धुराडे आणि खोलीगणिक एक कुटुंब. इथल्या मूळ खोपट्या १९७० च्या दशकात पाडल्या गेल्या. आजच्या दुसऱ्या मळ्यांवरून आणलेल्या आहेत.

आवारात ठेवलेल्या लोखंडी काहिली आपल्या गुऱ्हाळाची आठवण करून देतात. उकळता रस पळ्यांनी मोठ्या काहिलीतून लहान काहिलीत ओतत न्यायचा, दाणा धरेपर्यंत. गाळपाच्या हंगामात हे काम रात्रंदिवस चाले आणि हातपाय भाजणे नेहमीचेच. मारी अझेली हायडेल या विधवा मालकिणीच्या काळात एका हंगामात ४,०७,००० पौंड साखर निघाल्याची नोंद आहे. ती काढणाऱ्यांना मजुरी नव्हती. मालमत्तेच्या यादीत गुरांसारखी त्यांचीच किंमत मांडलेली असे.

जॉन कमिंग्ज या वकिलाने १९९९ मध्ये मळा विकत घेतला आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये संग्रहालय म्हणून खुला केला. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी जुन्या दप्तरांतून शोधलेली लुइझियानातल्या गुलामांची १,०७,००० नावे इथल्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर कोरली आहेत. हे सगळे पाहून हवेलीच्या सोप्यावर पोचलेल्या माणसाला तिथला गारवा कोणाच्या जिवावर होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आसपासच्या कितीतरी हवेल्या लग्नसमारंभांसाठी भाड्याने मिळतात. व्हिटनी मिळत नाही.