किनोसाकीतलं र्‍योकान कसं निवडावं

ओसाकाहून ‘कोनोतोरी’ नावाची जलद गाडी तीनेक तासांत ह्योगो प्रांतातल्या किनोसाकीला सोडते. ओतानी ही लहानशी नदी, काठाला लवलेले विलो, दगडी कमानीचे पूल आणि दुतर्फा र्‍योकान, म्हणजे जपानी पद्धतीची अतिथिगृहं. मुक्काम ठरवताना बहुतेक जण र्‍योकानमधल्या स्नानकुंडाचे फोटो बघतात. किनोसाकीपुरता हा निकष बाजूला ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

इथलं गरम पाणी गावाचं आहे. सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला र्‍योकानकडून सगळीकडचा पास मिळतो. स्टेशन हे दार, रस्ते म्हणजे ओसरी, र्‍योकान म्हणजे खोल्या, असं गावकरी मानतात. ही व्यवस्था सुखासुखी टिकलेली नाही. शिगा नाओया हा लेखक 1913 साली रेल्वेच्या धक्क्यातून बरा होण्यासाठी ‘मिकिया’ र्‍योकानमध्ये येऊन राहिला आणि पुढे त्याच्या कथेने गावाचं नाव साहित्यात गेलं. मे 1925च्या भूकंपात आणि आगीत गाव बेचिराख झालं. पुन्हा उभारणी होताना याच मिकियाने स्वतःचं कुंड बांधलं. गाव खवळलं, पाणी सगळ्यांचं की जमीनमालकाचं, यावर कोर्टकचेरी झाली. 1950 साली समेट झाला तो असा, की र्‍योकानमध्ये कुंड असावं, पण बेताचंच. म्हणून आजही र्‍योकानमधलं कुंड लहान आणि गावातली मोठी.

मग बघायचं काय? आधी जेवण. दर माणशी असतो आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. नोव्हेंबर ते मार्च मात्सुबा खेकड्याचा हंगाम; तेव्हा दर चढतात. एरवी ताजिमा या भागातलं गोमांस असतं. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी इथे फार जपावं. भाजीचा रस्साही सुक्या बोनितो माशाच्या पाण्यात शिजतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा आणि माशाचं पाणीही नको, हे खोली घेतानाच लिहून कळवावं. आयत्या वेळी स्वयंपाकघर काही करू शकत नाही, कारण प्रत्येक पाहुण्याचा बाजार आधीच झालेला असतो. ऐन वेळी मुक्काम रद्द केला तर पैसे कापतात, तेही यासाठीच.

मग खोली. जुन्या, लहान र्‍योकानमध्ये संडास कधीकधी सामायिक असतो. तातामी चटयांवर गाद्या घालून झोपायचं असतं; गुडघे दुखणाऱ्यांनी खाटेची खोली मागून घ्यावी. तीनच्या सुमारास पोहोचणं उत्तम. चहा येतो, युकाता म्हणजे सुती झगा मिळतो. त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटी फक्त मृताला नेसवतात. गेता, म्हणजे लाकडी पादत्राणं, घालून खुशाल बाहेर पडावं, सारं गाव त्याच वेषात हिंडत असतं. तुम्ही जेवत असताना किंवा फिरायला गेलेले असताना खोलीतलं मेज बाजूला सरकवून अंथरुणं घातली जातात. असं आतिथ्य मोठ्या हॉटेलात पैसे टाकूनही मिळत नाही.

एक शेवटचं. सातही स्नानगृहं रोज उघडी नसतात, प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा. गोशोनो-यू किंवा कोनो-यू बघायचंच असेल, तर त्यांचा वार विचारून मगच तारीख ठरवा.