अशी ही ‘बन’वाबनवी!

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क तुम्ही सिनेमांत इतक्यांदा पाहिलंय, की वाटा पाठ झाल्या असतील! झुळझुळ झरे, काळे कातळ, तळी, मधूनच दाट झाडी. चहूबाजूंनी टॉवर वाढत गेले आणि मधला निसर्ग तेवढा जसाच्या तसा राहिला, असंच वाटतं ना?

माहीत आहे का? यातलं जवळपास सगळं माणसानं केलेलं आहे! तळी खणलेली. झाडी लावलेली. झऱ्यांना पाणी येतं ते चक्क महापालिकेच्या नळाचं. मूळचे आहेत ते फक्त कातळ!

आधी साइज बघू. 843 एकर! दादरच्या शिवाजी पार्कएवढी तीस मैदानं आत आरामात मावतील. मोनॅको हा अख्खा देश आणून ठेवला, तरी वर तीनशे एकर शिल्लक. आणि ही जागा कुठे? मॅनहॅटनच्या ऐन मध्यावर, जिथल्या इंचाइंचावर आज बिल्डरांचा डोळा असतो.

एकोणिसाव्या शतकात मात्र इथं घरं बांधायची फारशी कुणाची इच्छा नव्हती. एकीकडे खडक, दुसरीकडे दलदल. शहराला मोठं सार्वजनिक उद्यान हवंच, असा घोषा 1844 मध्येच एका कवीनं लावला होता. विल्यम कलन ब्रायंट हे त्याचं नाव. तो वर्तमानपत्राचा संपादकही होता, त्यामुळे कविमनाला छापखान्याची साथ! 1853 मध्ये कायदा झाला आणि जागा नक्की झाली.

पण जागा रिकामी नव्हती, हेही माहीत असायला हवं. पश्चिमेकडच्या पट्ट्यात ‘सेनेका व्हिलेज’ नावाची वस्ती होती. 1825 पासून तिथं कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या पैशानं जमिनी घेतल्या, घरं बांधली. तीन चर्च होती, शाळा होती. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं, तर नावावर 250 डॉलरची मालमत्ता लागायची. म्हणजे इथल्या घराबरोबर मताचा हक्कही मिळत होता! 1855 च्या सुमारास इथं सव्वादोनशे माणसं राहत होती. 1857 मध्ये सगळी वस्ती हलवली गेली. 2011 मध्ये पुरातत्त्व अभ्यासकांनी उत्खनन केलं, तेव्हा मातीतून चहाची लोखंडी किटली निघाली आणि एक छोटासा बूट. उद्यानाचा इतिहास सांगताना ही पानं गाळणं मला साफ नामंजूर आहे.

आता येऊ या स्पर्धेकडे. हो, स्पर्धा! 1857 मध्ये उद्यानाच्या आराखड्यासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली. पहिलं बक्षीस 2000 डॉलर. अटी भरपूर. परेडसाठी मैदान पाहिजे, कारंजं पाहिजे, हिवाळ्यात स्केटिंग करायला तळं पाहिजे आणि उद्यान आडवं ओलांडणारे चार रस्तेही पाहिजेत.

एकूण 33 प्रवेशिका आल्या. जिंकली कितवी? तेहतिसावी! अगदी शेवटी, मुदत संपता संपता पोचलेली. डेडलाइनशी झुंजणाऱ्या समस्त मंडळींनी ही गोष्ट फ्रेम करून लावावी!

जिंकणारी जोडी होती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांची. व्हॉक्स लंडनमध्ये जन्मलेला आर्किटेक्ट. ओल्मस्टेड मात्र आधी शेतकरी, मग पत्रकार. उद्यानरचनेची डिग्री शून्य! पण पार्कच्या कामाचा मुख्य देखरेख अधिकारी म्हणून तो याच जागेवर राबत होता. इथला चिखल कुठे आणि खडक कुठे, हे त्याला पायांनी ठाऊक होतं.

त्यांनी प्रेझेंटेशनही काय भारी केलं! आजची जागा अशी दिसते आणि आमच्या हातून अशी होईल, अशी चित्रांची जोडीच लावून दिली. आज जिममध्ये ‘बिफोर-आफ्टर’चे फोटो लागतात ना? ही मंडळी 1858 मध्येच ते करून मोकळी!

खरा षट्कार मात्र रस्त्यांवर मारला. चार रस्ते पार्कमधून न्यायचेत, मग पार्काचे पाच तुकडे होणार. बाकीच्या बहुतेक स्पर्धकांचे रस्ते जमिनीवरूनच धावत होते. या जोडीनं ते जमिनीखाली उतरवले! सुमारे आठ फूट खोल चर, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वरून पूल आणि पुलांवर माती नि झाडं. खाली गाड्यांची वर्दळ आणि वर हिरवळीवर रांगणारं बाळ. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. गंमत ही, की तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. घोडागाड्यांसाठी खणलेल्या त्याच चरांतून आज पिवळ्या टॅक्सी आणि सिटी बस धावतात.

पार्कच्या आतही तोच हिशेब. पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी, घोडेस्वारांची वेगळी, बग्ग्यांची वेगळी. वाटा जिथं एकमेकींना भेटतात तिथं पूल किंवा कमान. पुलांचं डिझाइनही व्हॉक्सनं कॉपी-पेस्ट केलं नाही, प्रत्येकाचा चेहरा वेगळा!

मग सुरू झाला धडाम-धूम अध्याय. खडक फोडायला इतकी बारूद लागली, की अमेरिकी यादवीतल्या गेटिसबर्गच्या घनघोर लढाईतही तेवढी उडाली नव्हती! झाडं लावायला चांगली माती नव्हती, तर ती शेजारच्या न्यू जर्सीतून आणली. झाडं, झुडपं, वेली मिळून लाखांनी रोपं लागली.

दलदलीचं काय केलं? जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्यांचं जाळं पसरलं. हे काम पाहणारा इंजिनिअर होता जॉर्ज वेअरिंग. पुढे 1895 मध्ये हाच माणूस न्यूयॉर्कच्या सफाई खात्याचा प्रमुख झाला आणि झाडूवाल्यांना पांढरेशुभ्र गणवेश देऊन त्यानं शहर लखलखीत केलं. उद्यानाच्या पुस्तकांत याला एखादं वाक्य मिळतं. मला विचाराल तर हिरो नंबर तीन!

पाहुण्यांनी काही काम पुरं व्हायची वाट पाहिली नाही. डिसेंबर 1858 मध्ये तळं गोठलं आणि न्यूयॉर्ककर स्केट्स बांधून हजर. पार्क पुरं झालं 1876 मध्ये.

ते परेडचं मैदान आठवतंय? तिथं सैनिकांऐवजी मेंढ्या चरल्या! 1864 ते 1934 अशी तब्बल सत्तर वर्षं. नाव पडलं ‘शीप मेडो’. मग मेंढ्यांची रवानगी ब्रुकलिनच्या पार्कात झाली आणि त्यांच्या गोठ्याचं झालं आलिशान रेस्टॉरंट. मेंढ्या गेल्या, मेन्यू आला!

पार्कची प्रवेशद्वारं पाहिलीत? भव्य कमानी बांधायचे बेत आले होते, पण ते मागे पडले. त्याऐवजी ठेंगण्या दगडी भिंती आणि त्यांवर कोरलेली नावं. राजेरजवाड्यांची? छे! कारागिरांचं दार, खलाशांचं दार, विद्यार्थ्यांचं, बायकांचं, मुलांचं. आणि माझं सर्वांत लाडकं : परक्यांचं दार! नव्यानं शहरात आलेल्या माणसासाठीही एक दार.

वाट चुकलात? घाबरू नका. जवळच्या दिव्याच्या खांबाशी जा आणि खांबावरची छोटी पट्टी वाचा. चार आकडे दिसतील. समजा, 7532. पहिले दोन म्हणजे जवळचा रस्ता, 75वा. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेला. असे सुमारे 1600 खांब आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं दिव्याखाली पत्ता!

आता थोडी हॉरर. 9 नोव्हेंबर 1874 ची सकाळ. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये बातमी : सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून हिंस्र जनावरं सुटली, 49 ठार, शहरात हाहाकार! खुद्द गव्हर्नरनं भर रस्त्यात बंगालचा वाघ गोळी घालून लोळवला, असंही त्यात होतं. लोकांनी दारं लावून घेतली. आणि बातमीच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात काय? वरचं सगळं काल्पनिक आहे! शेवटपर्यंत वाचलं कुणी? फेक न्यूज व्हॉट्सॲपनं आणली असं म्हणणाऱ्यांना हा पेपर जरूर दाखवा.

पक्ष्यांचं ऐका. 1890 मध्ये युजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थांनी युरोपातून आणलेले साठेक स्टार्लिंग पक्षी या पार्कात सोडले. आपल्या साळुंकीच्याच कुळातले. पुढच्या वर्षी आणखी चाळीस. आज उत्तर अमेरिकाभर त्यांचे कोट्यवधी वंशज आहेत आणि शेतकरी हैराण!

पार्कातली सर्वांत म्हातारी वस्तू? इजिप्तहून आलेला साडेतीन हजार वर्षांचा दगडी स्तंभ, वजन दोनशे टनांवर. नाव ‘क्लिओपात्राची सुई’, पण क्लिओपात्रा जन्मली त्याच्या चौदाशे वर्षांनंतर! न्यूयॉर्कला पोचल्यावर पाणकाठापासून पार्कापर्यंत यायला सुईला 112 दिवस लागले.

आणि स्वतःच्या पुतळ्याच्या उद्घाटनाला हजर राहिलेला कुत्रा माहीत आहे का? बाल्टो! 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा बर्फातून औषध पोचवणाऱ्या कुत्र्यांच्या शेवटच्या तुकडीचा हा म्होरक्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुतळा उभा राहिला आणि समोर साक्षात बाल्टो!

बायकांच्या पुतळ्यांचं मात्र वाचून राग येईल. पार्कच्या प्रसिद्ध कारंज्यावरची देवदूताची मूर्ती एमा स्टेबिन्स या शिल्पकार बाईनं घडवली, 1873 मध्ये. पण गोष्टींतली ॲलिस वगैरे सोडून प्रत्यक्ष होऊन गेलेल्या स्त्रियांचा पुतळा इथं कधी लागला? 2020 मध्ये!

एकदा पार्क चक्क भगवं झालं होतं. फेब्रुवारी 2005, ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्यानं वाटांवर 7503 चौकटी उभारल्या आणि त्यांना भगवी वस्त्रं लटकवली. खाली बर्फ, वर भगवं. सोळा दिवसांत खेळ खलास.

सगळे दिवस मात्र असे रंगीत नव्हते. 1970 च्या दशकात हिरवळीचा धुरळा झाला, भिंती रंगवून विद्रूप झाल्या, संध्याकाळी लोक आत पाऊल टाकेनात. मग 1980 मध्ये नागरिकांनी ‘सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी’ उभी केली. पार्क आजही शहराच्याच मालकीचं, पण निगा राखते ती ही संस्था, आणि बहुतेक पैसा देणग्यांतून गोळा करते. बाकं आहेत सुमारे 10,000. तुम्ही एखादं दत्तक घेऊ शकता, पाठीवर तुमच्या मजकुराची छोटी पाटी लागते. कुणाच्या लग्नाची आठवण, कुणाच्या आजीची. याला म्हणायचं खराखुरा बेंचमार्क!

आता वळा मुंबईकडे. सेंट्रल पार्क घडत होतं, त्याच वर्षांत, 1862 मध्ये, भायखळ्याची राणीची बाग खुली झाली. आणि आता मुंबईलाही स्वतःचं सेंट्रल पार्क हवंय! महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेकडे आणि जोडीला कोस्टल रोडलगतची भरावाची जमीन, मिळून जवळपास 300 एकरांची योजना आहे. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं रेसकोर्सच्या जागेला मंजुरी दिली. मी मनापासून या बागेची वाट पाहतोय, आणि आराखड्यात सगळ्यात आधी कोपरा शोधतोय तो रस्त्याचा. कारण रेसकोर्स एकीकडे, समुद्राकाठची हिरवळ दुसरीकडे आणि मधे मुंबईचा ट्रॅफिक! दोन्ही टोकं जोडायला प्रस्ताव काय आहे, माहीत आहे का? भुयारी मार्ग. इथं गाड्या वर, माणसं खाली. ओल्मस्टेड आणि व्हॉक्सनी गाड्यांना खाली पाठवलं होतं!