‘दोराएमोन’चे चाहते आणि ऑनलाइन साधनांची पारख



अमरावती-अकोल्याकडील विशीतल्या वाचकाला ‘डोरेमॉन’ची ओळख करून देण्याची गरज नाही. २००५ पासून ही जपानी ॲनिमे-मालिका हिंदीतून भारतात दाखवली जाऊ लागली आणि तुमच्यापैकी अनेकांचे बालपण तिच्या सोबतीने गेले. तिच्याविषयीची माहिती महाजालावर मुबलक आहे. मराठीत मात्र ती थोडी आहे, आणि जी आहे ती बहुधा इंग्रजीतून किंवा हिंदीतून आलेली आहे. म्हणून कोणतेही साधन हाताळताना भाषेच्या अभ्यासकाने प्रथम एक प्रश्न विचारावा : ही माहिती कोणत्या भाषेच्या दारातून आपल्यापर्यंत आली?

नावापासूनच पाहा. मूळ जपानी उच्चार ‘दोराएमोन’ असा आहे. ‘दोरानेको’ म्हणजे भटके मांजर. त्यातील ‘दोरा’ला ‘एमोन’ हे जुन्या वळणाच्या पुरुषनामांचे शेपूट जोडले आहे. आपल्या ‘बोकोबा’च्या जवळ जाणारी ही गंमत. जपानीत नावाचा पहिला भाग काताकाना लिपीत आणि दुसरा हिरागाना लिपीत लिहितात. जपानी ‘द’ आणि ‘त’ आपल्या दंत्य वर्णांच्या जवळचे आहेत. पण रोमन अक्षरांतून येताना मराठीत त्यांचे ‘ड’ आणि ‘ट’ होतात. दांडगट मित्राचे टोपणनाव ‘जाइआन’, म्हणजे इंग्रजी ‘जायंट’चे जपानी रूप. त्याचे रोमन लेखन वाचून हिंदीत तो ‘जियान’ झाला आणि नावातला धिप्पाडपणा गेला. ‘शिजुका’ या नावात मात्र मराठी वाचकाला एक अधिकची सोय आहे. त्यातला ‘ज’ आपल्या ‘जुना’मधल्या दंततालव्य ‘ज’सारखा, तर ‘जाइआन’मधला ‘जीवन’मधल्या तालव्य ‘ज’सारखा. हे दोन्ही ध्वनी मराठीत आहेत. एकाच अक्षराने लिहिले जातात, एवढेच.

आता साधनांकडे वळू. ‘डोरा-वर्ल्ड डॉट कॉम’ हे मालिकेचे अधिकृत संकेतस्थळ आहे. नवे चित्रपट, प्रक्षेपण, प्रकाशने यांविषयी तेच प्रमाण मानावे. जपानी मजकुरासाठी ब्राउझरमधील यांत्रिक भाषांतर वापरता येईल. तारखा समजून घेण्यापुरते ते चालते. विशेषनामे आणि विनोद यांसाठी त्यावर विसंबू नये.

विकिपीडियावर शक्य असल्यास एकाच विषयाचे जपानी, इंग्रजी आणि मराठी लेख शेजारी ठेवून वाचावेत. फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा शोगाकुकान प्रकाशनाच्या बालमासिकांतून डिसेंबर १९६९ मध्ये सुरू झाली. त्या अंकांवर मात्र जानेवारी १९७० असा महिना होता. त्यामुळे दोन लेखांत दोन वर्षे दिसली, तर लगेच एकाला चूक ठरवू नये. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यातील लेखाचा ‘इतिहास’ उघडल्यास कोणता मजकूर केव्हा घातला गेला ते कळते. ‘फँडम’वरील चाहत्यांचा कोश याहून तपशीलवार आहे. दोराएमोनचा जन्म ३ सप्टेंबर २११२ चा, उंची १२९.३ सेंटिमीटर आणि वजन १२९.३ किलोग्रॅम, असली माहिती तिथे हौसेने जपलेली असते. मात्र निरनिराळ्या देशांतील आवृत्त्यांची नावे अशा कोशात एकत्र येतात. २०१४ च्या अमेरिकी आवृत्तीत नोबिता ‘नोबी’ झाला आणि जाइआन ‘बिग जी’. ही नावे मूळची समजू नयेत.

शब्दांसाठी ‘जिशो’ हा ऑनलाइन जपानी-इंग्रजी कोश सर्वांत उपयोगी. शब्द रोमन अक्षरांत लिहूनही शोधता येतो. एक उदाहरण करून पाहू. दोराएमोनच्या पोटपिशवीत ‘होन्याकु कोन्न्याकु’ नावाचा पदार्थ आहे. तो खाल्ला की कोणतीही भाषा कळते. ‘होन्याकु’ म्हणजे भाषांतर, हे कोश सांगतो. ‘कोन्न्याकु’ हा एका कंदापासून केलेला, जेलीसारखा थलथलीत पदार्थ. त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहिले, तर तिची प्रजाती ‘अमॉर्फोफॅलस’ आहे, आणि आपला सुरण त्याच प्रजातीतला! इंग्रजी कोशापाशी थांबलो असतो तर ‘कोंजॅक’ हा आणखी एक अनोळखी शब्द तेवढा हाती लागला असता. तरीही नुसते ‘सुरण’ म्हणून भागत नाही, कारण खरी मौज ‘न्याकु’च्या यमकात आहे. ते यमक मराठीत कसे आणावे, हे मी तुमच्यावर सोपवतो. वाक्यांचा वापर पाहायचा असेल, तर ‘तातोएबा’ या वाक्यसंग्रहात जपानीबरोबर मराठी वाक्येही आहेत. ‘तातोएबा’ या शब्दाचा अर्थच ‘उदाहरणार्थ’.

कोशात सापडणार नाही अशीही एक गोष्ट आहे. जपानीत नोबिता स्वतःला ‘बोकु’ म्हणतो, जाइआन ‘ओरे’ आणि शिजुका ‘वाताशी’. हिंदीत तिघेही ‘मैं’, मराठीत तिघेही ‘मी’. व्यक्तिरेखेला अशा भाषिक लकबींनी उभे करण्याच्या पद्धतीला जपानी भाषावैज्ञानिक सातोशी किन्सुई यांनी ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकाभाषा, असे नाव दिले. सर्वनामात गेलेला भेद मराठी अनुवादक बोलीतून भरून काढू शकतो. “काय करून राह्यला बे?” असे विचारणारा जाइआन अकोल्याच्या प्रेक्षकाला तत्काळ पटेल. (दांडगटाच्याच तोंडी वऱ्हाडी का घालावी, हा आक्षेपही रास्त आहे. शिजुकालाही वऱ्हाडी देऊन पाहा.) त्यासाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे संकेतस्थळ उपयोगी आहे. ॲनिमेचे चाहते तिकडे सहसा फिरकत नाहीत, पण बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने तिथे ऐकायला मिळतात.

या साऱ्यात पणाला काय लागते, हे बांगलादेशात दिसले. २०१३ मध्ये तेथील सरकारने हिंदीतील ‘डोरेमॉन’चे प्रक्षेपण थांबवले; मुले घरात हिंदी बोलू लागल्याची पालकांची तक्रार होती. पुढे बांगला भाषेतील आवृत्ती आली. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेल्या वऱ्हाडला हिंदी परकी नाही, त्यामुळे तसली बंदी मला इथे निरर्थक वाटते. पण बंदीनंतर तिथे जे घडले, म्हणजे आपल्या भाषेतील आवृत्ती तयार होणे, ते बंदीवाचूनही घडू शकते.

कृती : मालिकेतील कोणतेही एक साधन निवडा. त्याचे जपानी नाव अधिकृत संकेतस्थळावर शोधा, ‘जिशो’त त्याची फोड करा आणि मराठीत व वऱ्हाडीत त्याला प्रत्येकी एक नाव द्या. हिंदी आवृत्तीतील नाव शेवटी पाहा.