आईबापांच्या माथी

कर्जत-खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्यांचा विषय निघाला की, ‘आईबापांनाच शिक्षणाची आस्था नाही’ हा निवाडा साक्षीपुराव्यावाचून दिला जातो. परंतु खैराचे लाकूड उकळून कात काढणे हा ज्या समाजाचा पिढीजात उद्योग, ज्याचे जंगल १८७८ च्या वनकायद्यानंतर सरकारी अमलाखाली गेले आणि ज्याच्या वाट्यास पुढे कोळसा पाडणे व वीटभट्टीच उरली, त्याची आस्था मोजण्याआधी मुकादमाची वही तपासणे न्यायाचे होईल.

पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे बिऱ्हाड भट्टीवर जाते, आणि शाळेचे वर्ष ऐन भरात असताना मूल तेथे धाकट्या भावंडाला सांभाळते किंवा विटा उलथते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली खरी; पण ज्या घराखालची जमीनही पुष्कळदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते, त्याला उचल नाकारण्याचे बळ केवळ कायद्याच्या कलमातून येत नाही. त्यातच गावात चोरी झाली की संशय प्रथम वाडीकडे वळतो, आणि ही नजर मुलाला पाटीपूर्वीच वाचता येऊ लागते.

अशी नजर मुलाच्या मनात किती खोल उतरते, याची साक्ष अमेरिकेत मिळते: केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने स्ववर्णीय बालकांपुढे गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरीच चांगली ठरवली. शाळांतील वर्णभेद अवैध ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. तथापि १९६५ च्या सरकारी मॉयनिहान अहवालाने मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबाच्या विघटनावरच बोट ठेवले, आणि पीडितालाच दोषी ठरवल्याचा आक्षेप त्यावर आला. आपल्याकडील निवाडाही त्याच जातीचा आहे.

वस्तुतः कातकरी कुटुंब मुलाला पुष्कळ देते: ओढ्यातले मासे व खेकडे कसे धरावेत, कोणता कंद खाण्याजोगा, कोणती रानभाजी केव्हा उगवते, हे ते आईबापांच्या मागे हिंडून शिकते; मात्र शाळेच्या दप्तरी या विद्येची नोंद नाही. आश्रमशाळेत मूल टिकले तर त्याला घराचा सहवास अंतरतो, आणि घरासोबत गेले तर वर्ग अंतरतो. ही निवड आईबापांनी स्वेच्छेने केलेली नाही. हंगामी वसतिगृहांनी ही कोंडी थोडीफार फुटते, पण उचलीचे मूळ तसेच राहते. घराखालची जागा नावावर झाली, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे निकाली निघाले आणि पावसाळ्यात कर्जावाचून धान्य मिळाले, म्हणजे मग त्यांच्या आस्थेविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला पोचेल.